चारास एक

सातवीच्या पुस्तकात गुणोत्तराचं पान उघडलं
तेव्हा दोन मुलं तिथे गोट्या वाटून घेत होती,
शर्टाची बटणं लावून, शहाण्यासारखी.
मणेराजुरीत आता गोट्या कोण खेळतं?
मी फळ्यावर चार लिहिले, एक लिहिला,
मधे एकावर एक दोन टिंबं दिली
आणि म्हटलं, बघा, द्राक्षातल्या बियांसारखी.
"थॉमसनला बी नसतंय, बाई,"
मागच्या बाकावरून तमन्ना मुजावर.
वर्ग हसला. मीही हसले.
कुडाळहून बदली होऊन आलेली मी,
मला तोवर बिया ठाऊक त्या फणसाच्या.

मग शनिवारी, सकाळच्या शाळेला
एक किलो द्राक्षं घेऊन गेले.
पोषण आहाराच्या खोलीतला काटा
सुशीलामावशींनी दिला, पुसून परत करायच्या अटीवर.
तमन्नाचे अब्बा बेदाण्याच्या शेडवर असतात,
तिला सगळं तोंडपाठ:
शंभर लिटर पाण्याला अडीच किलो पावडर,
दीड लिटर डिपिंग ऑइल.
"पण बाई, आपल्याकडं पाणी एकच लिटर हाय."

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मीही नाही.
उत्तर माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं,
मी ते खडूच्या भुकटीसकट गिळलं.
बाहेर एक ट्रॅक्टर आला, गेला.
मग कुणी बोटांवर, कुणी तळहातावर पेनाने,
आणि एकीने चक्क वहीत
शंभरांनी भागलं.
पावडर पंचवीस ग्रॅम. ऑइल पंधरा मिली,
म्हणजे खोकल्याच्या औषधाचे तीन चमचे.
तिघांचंही सारखंच आलं.

मुख्याध्यापकांच्या खोलीमागे, सावलीत जाळी बांधली.
फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून लिहिलं:
अडीचशे ग्रॅम. पुसू नये.

सतराव्या दिवशी काट्यावर आले
दोनशे दहा.

"काटा बिघडलाय."
"पुन्हा ठेवा."
"पाचास एक बसलं आसंल, एखाद्या साली बसतंय."
पण पाचास एक तर दोनशे होतात,
तेही जुळेना.
वर्ग चाळीस ग्रॅमभोवती घिरट्या घालत राहिला,
आणि खिडकीपाशी प्रज्योत हाक्के
चपलेचा अंगठा उगाच नीट करत होता.

"किती?" मी विचारलं.
"रोज ईस, बाई. तीन दिवस."
कुणी ओरडलं नाही. तमन्नाने वीस बेदाणे मोजून
काट्यावर ठेवले: दहा ग्रॅम.
विसाला दहा, तर साठाला?
प्रज्योतनेच सांगितलं, जमिनीकडे बघत: तीस.
आणि न विचारता पुढे:
"म्हंजे मी एकशेईस ग्रॅम द्राक्षं खाल्ली."

पुस्तकात हे गणित नाही.
चोरीपासून उलटं मागे, वेलीपर्यंत जाणारं.
मी त्याला दहापैकी दहा द्यावेत की उभं करावं
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दहा ग्रॅम उरलेच.
मुंग्या, बुलबुल, वारा,
कदाचित सुशीलामावशी.
त्यांचं समीकरण मी मांडायला घेतलं नाही.
काटा पुसून परत दिला.

सोमवारी प्रार्थनेआधी
माझ्या टेबलावर एक डबा होता, झाकणाला रबर लावलेलं.
आत हिरवी द्राक्षं, दोन मुठीही नाहीत.
दुकानातल्या काट्यावर मोजून आणलेली असणार,
कारण सगळ्यांत वर एक मणी होता
दातांनी बरोबर अर्धा तोडलेला,
एकशेवीसच्या वर जाऊ नये म्हणून.