सात फरशा

लुएला ट्रॅमेल शाळेची बस चालवते.
पूर्व बाल्टिमोर, पहाटे पाच, काचेवर बर्फ.
तिच्या बसमधून उतरणाऱ्या पोरांच्या दप्तरांत
जानेवारीपासून एकेक थर्मामीटर असतो,
माशांच्या टाकीत लावतात तसला, स्वस्तातला.

खोली १०४: बेचाळीस.
खोली २११: एकोणचाळीस. कोट घालून भागाकार.
फॅरनहाइट, बरं का. म्हणजे हात खिशातून निघत नाही,
आणि हात वर केल्याशिवाय
बाई कुणाला उत्तर विचारत नाहीत.

दर गुरुवारी चर्चच्या तळघरात
आम्ही नऊजणी, आणि डेलरॉय, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं,
आकडे वहीत उतरवतो.
विद्यापीठातली मुलगी म्हणाली, रोज एकाच वेळी मोजा,
खिडकीपासून सारख्याच अंतरावर.
डेलरॉय जाऊन फरशा मोजून आला. सात.

मंडळाच्या सुनावणीत माणशी दोन मिनिटं.
"या सगळ्या सांगोवांगीच्या गोष्टी," अध्यक्ष म्हणाले.
लुएलाने वही उघडली.
चौदा जानेवारी, खोली १०४, बेचाळीस.
पंधरा जानेवारी, खोली
माइक बंद.
तिने वही रांगेतल्या मागच्या बाईला दिली.
पंधरा जानेवारी, खोली १०४, चाळीस.

असे आम्ही फेब्रुवारीच्या वीस तारखेपर्यंत पोचलो.
मग दिवे घालवायला माणूस आला.

बॉयलरचं काय झालं, ते विचारू नका अजून.
त्या सभागृहात मात्र छान ऊब होती.
डेलरॉयने मोजली,
खिडकीपासून सात फरशांवर उभं राहून:
बहात्तर.

तेही वहीत आहे.