अपसव्य

आग डाव्या हाताला ठेवायची.
कॅमेरा त्या बाजूला बसवलाय, एवढंच कारण.
तरी पहिल्याच फेरीला गुरुजींचा आवाज आठवला,
'पंचा उजव्या खांद्यावर घ्या,'
आबांच्या दहाव्याला.

मुसल्लम हेलिकॉप्टर कलता करतो,
ताका गावावरचा डोंगर काचेत आडवा होतो.
इथं खरीफ म्हणजे धुकं.
पेरणीशी त्याचा संबंध नाही.
ते उठून गेलं की कमरेएवढं गवत उरतं,
आणि डिसेंबरात उत्तरेकडून बेलात सुटला
की एक सिगारेट पुरते.

मी रेषा काढतो.
म्हणजे आम्ही उडत राहतो
आणि पडद्यावर ती मागून उमटत येते,
भिंतीवरच्या गोगलगाईसारखी.
लाल : पेटतंय.
पिवळं : पेटेल.
काळं : जळून झालं, आता तिथं पाय ठेवता येतो.
बादलीवाल्या दोघांना सांगतो,
दरीच्या तोंडाशी, उजव्या काठाला,
तसे नका येऊ, धुराच्या पाठीमागून या.
समुद्राचं पाणी कोसळतं,
पडद्यावर काळा डाग,
मग हळूहळू पुन्हा पांढरं.

आबा राधानगरीला वनरक्षक होते.
निर्गुडीच्या ओल्या डहाळ्यानं वणवा झोडपायचे.
छत्तीस वर्षं.
भुवया कधी पुऱ्या उगवल्याच नाहीत.
केवढा होता, विचारलं
की दोन्ही हात पसरायचे.
हातांना जमेल तेवढाच.
अख्खा वणवा त्यांनी एकदाही पाहिला नाही.
मी पाहतो. दोनशे अकरा हेक्टर,
पुढे दशांश चिन्ह,
आणि मानेवर एसीची थंड हवा.

अकराव्या फेरीला रेषेच्या आत पांढरे ठिपके.
नऊ.
शेळ्या असतील. दगडही उन्हानं तापतात.
मग त्यातला एक वाकला,
आणि मी शिवी घातली, मराठीत.

मुसल्लमनं एकदाच पाहिलं.
"ती तुफूल. गाई सोडून यायची नाही.
बखीतला सांग, आधी गाई हलव,
तिच्याशी नंतर बोल."
माझ्याकडे उताराचा थर होता, गवताचा, वाऱ्याचा,
पायवाटांचासुद्धा.
बाईच्या हट्टाचा थर कुणी पाठवला नव्हता.

खालून बखीत : वाट बंद.
मी : पूर्वेला काळं आहे, चाळीस पावलं.
मधे ज्वाळ गुडघ्याएवढी.
पाणी पडलं की मोजत बसू नका, चला.

पाणी पडलं.
वाळक्या तारल्यांवर पोसलेल्या आठ गाई,
हंबरत असतील, वर ऐकू येत नाही,
एकामागे एक निघाल्या. शेवटी ती.
आणि काळ्यात शिरताच
नऊही नाहीशा झाल्या.

जमीन अंगाएवढीच ऊन होती.
यंत्राला ऊब तेवढी कळते.
एक फेरी.
अजून एक.
मुसल्लम इंधनाच्या काट्याकडे बघत राहिला.
खाली उतरावं, तर पात्यांच्या वाऱ्यानं कडा भडकेल.
मधेच केबिनमध्ये लोबान दरवळला.
कपारीतलं एखादं झाड पेटलं असणार.
लाल, पिवळं, काळं.
वासासाठी माझ्याकडे रंग नव्हता.
पंचा कुठल्या खांद्यावर होता ते आठवेना.

मग रेडिओवर बखीतचा खोकला :
"ती विचारतेय,
वर घिरट्या घालणारा हा कोण?
गाई बुजतायत. त्याला म्हणावं, लांब हो."

आम्ही लांब झालो.

रात्री सलालामध्ये नकाशा छापला.
कोपऱ्यात तारीख, उत्तरेचा बाण, बारीक अक्षरात मी.
काळ्याच्या कडेला पेन्सिलीनं
नऊ टिंबं दिली,
आणि साहेबांनी विचारायच्या आत खोडली.
कागद तिथं जरासा मळलाय.