चार बोटं

फाटकापासून तिसरी काँक्रीटची लादी
चार बोटं खाली गेली होती.
फुटपट्टी आणली नाही, हातच लावला,
करंगळी ते तर्जनी, आडवा.

लोकमान्य नगरातली सगळी घरं
काळ्या मातीवर बसलीत.
उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते,
आणि आपण म्हणतो, दार घासतंय,
सुताराला बोलवा.

ठेकेदार लादीवर बूट आपटत म्हणाला,
फोडून टाकू, नवी घालू, अठरा हजार.
मी म्हटलं, फुटलीय कुठे? खचलीय नुसती.
तो हसला. त्याच्या वहीत
दोन्हींसाठी एकच रकाना होता.

पोह्यांच्या गाडीशेजारी तौफीकचं पंक्चरचं दुकान.
जॅक मागितला तर म्हणाला,
"मैडम, इससे गाड़ी उठती है, ज़मीन नहीं."
तरी दिला. वर एक जुनी पहार.
"शाम तक लौटा देना."
कुठल्या दिवसाची शाम, ते त्यानं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

कोपऱ्याशी वीतभर खणलं.
पहार घातली, पहारीखाली वीट,
आणि शाळेच्या प्रयोगशाळेत
एकतीस वर्षं मुलींना सांगितलेलं
टेकू, भार, बल
त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तळव्यांना कळलं.
कळलं म्हणजे फोड आले.

लादी हलली तेव्हा आवाज झाला नाही.
एक गार वास आला फक्त,
खूप दिवस झाकून ठेवलेल्या माठाचा.
वाकून बॅटरी मारली.
पोकळी. आत एक बेडूक, रागावलेला,
आणि चौकसेंच्या बाजूनं आलेली
पाण्याची एक बारीक, रोजची वाट.

तर हे होतं.
सात वर्षं आम्ही बोलत नव्हतो,
त्यांच्या कडुनिंबाची पानं माझ्या अंगणात पडतात म्हणून,
आणि त्यांच्या मोरीचं पाणी
सात वर्षं माझ्याकडे येत-जात होतं,
जाताना चिमूटभर माती घेऊन.

जॅक. अर्धा फेरा. थांब.
फळी सरकव. अर्धा फेरा. थांब.
कमरेनं आपलं मत नोंदवलं.

लेव्हलला पारदर्शक नळी लागते, नळीत पाणी,
आणि नळीला टोकं दोन.
माणूस मी एक.
दुसरं टोक फाटकाला बांधलं, निसटलं.
विटेखाली दाबलं, पाणीच अडलं.
"टोकेकर मैडम, इधर दो,"
कुंपणापलीकडून चौकसे.
बनियनवर होते, एका गालावर दाढीचा साबण.

ते दुसऱ्या लादीवर बसले, मी तिसरीवर.
मधे नळी सापासारखी पडलेली.
पाणी वर-खाली झालं, बराच वेळ,
मग दोघांच्या अंगठ्यांशी थांबलं.
"बराबर?"
"नाही. अजून अर्धा फेरा."
मोरीचं मी काढलं नाही.
त्यांनी पोकळीत पाहिलं, मग आपल्या भिंतीकडे,
आणि साबण वाळलेल्या गालानं घरात गेले.
दुपारी प्लंबर आला. त्यांच्याकडे.

मुरूम आणि चुरी ओलसर कालवून
कडेकडेनं ठासली,
गव्हाचा डबा आपटून आपटून भरतात तशी.
हलक्या हातानं भरली असती
तर पुढच्या वर्षी परत बसली असती.
रस्त्याकडे थोडासा उतार ठेवला.
अगदी सपाट जागी पाणी मुक्काम करतं.

जॅक चौथ्या दिवशी परत केला.
तौफीकनं तो उलटसुलट पाहिला, माती झटकली.
"उठी?"
"उठली."

आता रोज फाटकातून येताना
तिसऱ्या लादीवर माझा पाय
चार बोटं खाली जायला निघतो
आणि जमीन आधीच भेटते.
काल दूधवालाही अडखळला, जिथे अडखळायला काही नाही तिथे,
आणि किटली सावरत माझ्याकडे
संशयानं बघत राहिला.

बेडूक तुळशीच्या कुंडीमागे राहतो.
त्याचा राग अजून गेलेला नाही.