झिरो बघून घ्या

"झिरो बघून घ्या, ताई," रेवण म्हणतो
नळी टाकीत खुपसण्याआधी.
मी बघते. बघायचं असतं म्हणून.
स्वारगेटच्या पुढचा पंप, सकाळचे सव्वानऊ,
मागे रिक्षा, टेम्पो, किटल्या लटकवलेला दूधवाला,
आणि दोनशे रुपयांत काटा कसा जेमतेम हलतो
यावर रोज कुणीतरी बोलतंच,
की एवढा कर जातो कुठे? यांच्या घशात!

मी मान वळवत नाही.
हेल्मेटच्या आत माझा चेहरा सरकारी आहे.

जातो कुठे, ते मला थोडंसं माहीत आहे.
आधी मुंबईला, एका मोठ्या हौदात.
तिथं डिझेलचा रुपया, दारूचा रुपया,
कोथरूडच्या कुणाच्या खरेदीखताचा रुपया
एकमेकांत मिसळून आपापलं गाव विसरतात.
काही दिल्लीपर्यंत जाऊन
वाटा म्हणून परत येतात, जरा वाळून.
मग एक दिवस शासन निर्णय निघतो,
खाली अटी, अ पासून ञ पर्यंत,
आणि जिल्हा परिषदेचा जिना चढून तो रुपया
माझ्या टेबलाशी दम खात उभा राहतो.
आता त्याला पेट्रोलचा वास येत नाही.
त्याला लेखाशीर्ष असतं.

यंदा त्यातले काही
वेल्ह्याच्या अंगाला, कातळवाडीच्या मोरीसाठी निघाले.
तीन नळ्यांची मोरी. एवढीच.
शाखा अभियंता शिळीमकर तिच्याबद्दल बोलतो
जसं बिऱ्हाडकरूनं स्वतःच्या फ्लॅटबद्दल बोलावं.
फाइलीचा हा चौथा मार्च.
पहिल्या वर्षी निधी नव्हता.
दुसऱ्या वर्षी आला, अठ्ठावीस तारखेला,
आणि तीन दिवसांत आल्या वाटेनं परत गेला.
तिसऱ्या वर्षी त्रुटी मी काढली:
अंदाजपत्रकाच्या पान चारवर सही नाही.
त्रुटी बरोबर होती. अजूनही बरोबरच आहे.
फक्त ओढ्याला ती कुणी कळवली नव्हती,
आणि आरोग्यसेविका कोंढाळकर बाई
लसींचा डबा डोक्यावर धरून
कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेल्या.
हे मला त्यांच्या प्रवासभत्त्याच्या बिलावरून कळलं.
अंतर: अकरा किलोमीटर. वाहन: पायी.
पायी चालण्याचा दर आमच्याकडे नाही.

एका जेवणाच्या सुट्टीत, पाठकोऱ्या कागदावर
मी हिशेब मांडला: एका मोरीला किती टाक्या?
आकडा सांगत नाही, आधार विचाराल.
पण स्वारगेटची रांग
कात्रजचा बोगदा ओलांडून पलीकडे उतरली होती,
आणि त्या रांगेतलं एकही माणूस
कातळवाडीला कधी जाणार नव्हतं.

भाचा निहार विजेची स्कूटर घेऊन पेढे द्यायला आला.
"मावशी, आता यांना एक दमडी देत नाही मी!"
छान, म्हटलं. हवाही चांगली राहील.
तो आवाज न करता गल्लीच्या टोकाला गेला
आणि मी पेढा हातात धरून
नळ्या मोजत राहिले. तीन.

एकतीस तारखेच्या रात्री कोषागाराचा पडदा
नुसता गरगरत होता.
शिळीमकर बाकावर, चहाचा कप केव्हाचा रिकामा,
तरी मधूनमधून तोंडाला लावत.
अकरा वाजून बावन्न मिनिटांनी देयक मंजूर.
शिल्लक रकान्यात मी लिहिलं: निरंक.
तो काही बोलला नाही. बुटांच्या नाड्या बांधल्या,
ज्या सुटलेल्याच नव्हत्या.

सकाळी पंपावर तीच रांग,
यांच्या घशात म्हणणारा तोच आवाज.
"झिरो बघून घ्या, ताई."
मी बघितला. जरा जास्तच वेळ,
इतका की मागच्या रिक्षानं हॉर्न दिला.
"चालू करू ना?" रेवणनं विचारलं.
"कर," म्हटलं.