अवघड जागा

चार दिवस तो उभ्यानंच जेवत होता.
आयझादाला वाटलं, बाप रागावलाय;
रागावला की तो दस्तरखानाशी बसत नाही.
पाचव्या रात्री तिचा दवाखान्यात फोन आला,
"हुडहुडी भरलीय. कूस बदलत नाहीत.
आणि काय होतंय ते मला सांगत नाहीत."

नारीनमध्ये त्या आठवड्यात चाकू धरणारा मी एकटाच.
दुसरे डॉक्टर लग्नाला बिश्केकला गेलेले,
दोलोनचा घाट बर्फानं बंद.
घाट कधी उघडेल, तोक्तोमुशनं दोनदा विचारलं.
सदतीस वर्षं चाकांना साखळ्या बांधून
त्यानं त्या घाटातून कोळसा नेला होता.

आमच्याकडे सुनेनं सासऱ्याकडे पाठ करायची नसते,
दारातून निघतानाही ती उलट्या पावली निघते.
जावयासमोर सासऱ्यानं काय करायचं नसतं
हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.
अशी वेळ येईल असं कुणाच्या मनात आलं नसावं.

तो भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळला.
टोपी काढली नाही.
गुदद्वाराच्या डाव्या कडेला
जर्दाळूएवढी गाठ, तांबडी, ताणलेली, तापलेली.
बोट टेकलं तशी तोंडून शिवी गेली.
मग भिंतीला म्हणाला, "तुला नाही."

भाजलेला कांदा बांधून झाला होता,
मेंढीच्या शेपटीची चरबी लावून झाली होती,
शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्याही खाऊन झाल्या होत्या.
कोंडलेल्या पुवात गोळी शिरत नाही, मी म्हणालो,
त्याला बाहेरची वाटच द्यावी लागते.
आत बारीक ग्रंथी असतात, एखादीचं तोंड बुजतं,
मागे सगळं सडत राहतं.
"डिझेलच्या फिल्टरसारखं?"
"तसंच."
बराच वेळ गेला.
"म्हणजे माझ्या हातून काही पाप नाही."
"नाही."

पाठीत सुई. पाय परके झाले.
कडेला लागून चीर दिली,
बोट घालून आतले पडदे मोडले.
वाटीभर निघाला.
पुस्तकात तो वास लिहीत नाहीत.
ग्युलसाइरानं न बोलता खिडकी उघडली,
उणे अठरा अंश आत आले,
आणि तोक्तोमुश तिथेच, टेबलावर,
चार रात्रींचं घोरू लागला.

"टाके?" बाहेर आयझादानं विचारलं.
घालायचे नसतात.
वरून मिटली तर आत पुन्हा साठतं.
ही जखम तळापासून भरत यावी लागते,
कातडीचा नंबर शेवटी.

मग रोज संध्याकाळी त्यांच्या घरी.
आधी तो कोमट पाण्यात बसायचा,
ज्या तामचिनी घमेल्यात आयझादाला
लहानपणी अंघोळ घालत, त्यातच,
गुडघे हनुवटीशी, टोपी डोक्यावर.
मग भिंतीकडे तोंड, आणि मी पट्टी बदलायची.
माणसाला पाठ दिली की माणूस बोलतो.
कोळशाचे भाव. मेलेला भाऊ.
एकदा म्हणाला, "तुझ्या बापाला मी नाही म्हणालो होतो.
दोनदा."
"माहीत आहे."
"घट्ट कोंबू नकोस ती पट्टी."

मी सांगून ठेवलं होतं,
काहींना आतून बाहेर एक बारीक वाट राहून जाते,
झिरपत राहते. तसं झालं तर पुन्हा कापावं लागेल,
बेताबेतानं, स्नायू सांभाळून.
घाट उघडला की बिश्केकला जा, तिथे मोठे डॉक्टर आहेत.

एप्रिलात घाट उघडला.
मे महिन्यात दवाखान्याच्या आवारात त्याचा ट्रक थांबला.
सीटवर ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब.
"ओलं राहतंय," तो हळूच म्हणाला.
मी म्हणालो, "दोलोन उघडा आहे."
"माहीत आहे. आत्ता तिथूनच आलोय,"
म्हणाला,
आणि बाकावर टेकून बुटाची नाडी सोडू लागला.