खिशातला हात

चौथ्या मिनिटाला मी सिनेमा थांबवला.
पडद्यावर काळ्या कोटातला माणूस,
बालवाडीच्या फाटकाशी उभा,
दाढी वाढलेली, उजवा हात खिशात.

बाहेर पुंता अरेनासचा वारा
खिडक्यांना धडका देत होता.
म्हटलं, लिहा. कोण हा? खिशात काय?
नाव घालू नका, खाडाखोड नको.
पहिलं मनात येईल तेच.

बत्तीस चिठ्ठ्या, बिस्किटांच्या डब्यात.
एकेक काढून वाचत गेले :
सुरा. सुरा. पिस्तूल.
पोरं पळवणारा.
मायतेनं तर त्याला थेट तुरुंगातून आणलेला,
कैदी-क्रमांकासकट.
एकानं लिहिलं : आमच्या गल्लीत ते नवे आलेत ना,
त्यांच्यातलाच.
(नाव नव्हतं. पण अक्षर कुठं लपतं?)
अर्ध्यावर डबा मिटला, दिवे घालवले.

पुढचं सगळं त्यांनी श्वास धरून पाहिलं.
फाटक उघडलं, चिल्लीपिल्ली बाहेर सांडली,
माणसाचा हात खिशातून निघाला
आणि हातात एक लोकरी हातमोजा,
लाल, बोटभर, अंगठ्याला ठिगळ,
सकाळी रस्त्यात सापडलेला.
बस्स. संपला सिनेमा.

कुणी हसलं.
कुणी म्हणालं, फसवलंत बाई तुम्ही.
मी? म्हटलं, आणि दिवा लावला.
काय शहाणी वाटले मी मला त्या क्षणी!

उरलेल्या चिठ्ठ्या घरी वाचल्या.
तळाशी एक, तिरक्या अक्षरात,
स्पॅनिशच्या दोन चुका :
"हात खिशात आहे. थंडी वाजत असेल."

विल्नेर.
हैतीहून आलेला. शेवटच्या बाकावर
मीच बसवलेला.
तास संपेतो हात बाकाखाली, मांड्यांत दाबून.

हजेरीपट उघडला.
मार्चचा पहिला आठवडा, त्याच्या नावापुढं
माझंच वळणदार अक्षर :
"हात सतत बाकाखाली. फोन असणार.
नजर ठेवणे."

शाई पक्की. खोडायला गेलं तर
कागदालाच भोक पडायचं.
चहा गार झाला. वारा काही थांबेना.

मग खाली, उरलेल्या चिमूटभर जागेत,
त्याचंच वाक्य उतरवून घेतलं,
दोन्ही चुकांसकट.