शेरा

ठेकेदाराने दिलेल्या यंत्रात
एका झाडाला सात रकाने :
जात, घेर, उंची, अंदाजे वय,
जागा सरकारी की खाजगी,
प्रकृती (बरी, आजारी, धोकादायक),
आणि सातवा शेऱ्याचा. तिथे वीसच अक्षरं मावतात.
शेवटी यंत्र विचारतं, जतन करायचं?
ते माहितीबद्दल असतं. झाडाबद्दल नव्हे.

घोडबंदर रोडवरून पातलीपाड्याला आत वळलं
की एक सोसायटी. एप्रिल सरत आलेला.
फाटकापाशी तीन बहावे, सारख्या अंतरावर,
एकाच नर्सरीतून एकाच टेम्पोने आलेले,
बुंध्याला अजून त्याच हिरव्या जाळीचे पिंजरे.
पानं जवळपास नाहीतच.
नुसते घोस,
हळदीत भिजवलेली सुतं
कुणी वाळत घातली आणि न्यायला विसरलं, तसे.

सेक्रेटरी टिपणीस सावलीतून विचारतात,
छाटणीचा अर्ज कुठे द्यायचा?
पाकळ्या गाड्यांवर पडतात हो,
काचेला चिकटतात, वायपर फिरवला की पिवळा राडा.
आणि त्या शेंगा! वारा सुटला की रात्रभर खुळखुळ,
सी विंगमधल्या बाईंना डोळ्याला डोळा नाही.

मी टेप फिरवतो. घेर एकोणसाठ.
खोडात एक खिळा, त्याला दिवाळीच्या माळेची तुटकी वायर,
साल खिळ्यावर निम्मी चढून आलेली,
उरलेलं निम्मं पुढच्या वर्षी गिळेल.
एक काळा भुंगा घोसात शिरतो, घोस खाली झुकतो,
भुंगा जातो, घोस वर येतो.
हे कुठल्या रकान्यात घालू?

प्रकृती : बरी.

वॉचमन सकाळी पाकळ्या झाडून ढीग करतो
आणि ढीग तसाच ठेवतो.
उचलायला हात होत नाही, म्हणतो,
लग्नघरातलं काहीतरी केरात टाकल्यासारखं वाटतं.

रविवारी येऊरला चढलो, काम नसताना.
आमची गणती चौकीपर्यंत. पुढचं वनखात्याचं.
पाटोणापाड्याच्या पलीकडे
करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन लाडकी वरठा पुढे,
मी मागे, पायात शहरातले बूट.
ओहोळाच्या काठाला तिने हनुवटीने दाखवला.
वाकडा. एक बाजू वणव्यात काळी झालेली,
दुसरी अशी फुललेली
की आधी मला वाटलं ऊनच तिथे अडकलंय.
खाली शेंगांचे तुकडे, वानरांनी फोडलेले,
आत चवल्यांसारखे पडदे, पडद्यापडद्याला चिकट काळा गर.
पोट धरलं की हाच चाटवायचो पोरांना, ती म्हणाली,
मग दिवसभर पोरगं झाडामागं.

सवयीने विचारलं, कुणी लावला?
ती इतकी हसली की पाटी खाली ठेवावी लागली.
कोल्ह्यानं.
शेंग खाल्ली, चालला, बसला.
झाला लावून.

नर्सरीत बी कानशीवर घासतात,
मग रात्रभर कढत पाण्यात.
तरी दहातलं एखादं उगवतं, बाकीची दगडासारखी बसून राहतात.
इथे ते सगळं
कुणाच्या तरी पोटात, अंधारात, चालता चालता झालं होतं.
मी टेप खिशातून काढली नाही.
करवंदं घेतली दोन द्रोण. एक तिथेच संपला.

सोमवारी परत टिपणीसांकडे. तिसरं झाड राहिलं होतं.
वारा होता. काळ्या शेंगा एकमेकींवर आपटत होत्या,
वर, पार्किंगच्या वर,
घरात कुणी आहे का म्हणून
कडी वाजवत राहावी तशा.
खाली फरश्या. फरश्यांखाली काँक्रीट.

जात : बहावा. घेर : बासष्ट.
जागा : खाजगी.
शेऱ्यात लिहिलं,
कोल्हा भेटलेला नाही.
मावलं.
यंत्राने विचारलं, जतन करायचं?
मी वर बघत होतो,
हो कधी दाबलं ते आठवत नाही.